बियाण्याची पारख : किनारीचा छाप आणि खातेवही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि माझे सारे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. अशा माणसाने पिकांच्या पैदाशीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या पेठेतील गल्ला शेवटी शेतातूनच येतो, हे आपण सर्वच जाणतो.

काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात एक जुने शेतकरी गिऱ्हाईक दुकानात आले. मुलीच्या लग्नाचा बस्ता त्यांनी आठ दिवसांपूर्वीच नेला होता. तेच गाठोडे गादीवर ठेवून ते म्हणाले, "शेठ, हरभरा मरानं गेला. दोन साड्या राहू द्या, बाकीचं परत घ्या." बस्ता मी परत घेतला नाही; पैसे त्यांनी पुढच्या सुगीत चुकते केले. पण मान खाली घालून उभा असलेला तो बाप माझ्या मनातून गेला नाही. डोळ्यांना न दिसणारी एक बुरशी घरचे मंगलकार्य कसे अडवू शकते, हा प्रश्न मला या विषयाकडे घेऊन आला.

मर रोगाची ही बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकून राहते. रोपाच्या मुळांतून ती आत शिरते आणि बहरातले झाड वाळून जाते. एकदा रोग दिसला की फवारणीचा उपयोग होत नाही; रोगाला दाद न देणारे वाण हाच खरा भरवशाचा उपाय. असे वाण पारंपरिक पद्धतीनेही निर्माण झाले आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'विजय' हे त्याचे उत्तम उदाहरण. मात्र त्या पद्धतीत रोगट जमिनीत हजारो झाडे वाढवायची, जगतील ती निवडायची आणि पुन्हा पुन्हा तेच करायचे. नवे वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात.

येथे शास्त्रज्ञांनी एक युक्ती शोधली. ताग्याच्या किनारीवर गिरणीचा छाप असतो. तो छाप म्हणजे कापडाचा टिकाऊपणा नव्हे. परंतु तो पाहिला की कापड कोणत्या गिरणीचे आहे हे न धुता, न फाडता कळते. जनुकीय चिन्हक, ज्याला मार्कर म्हणतात, तो असाच छाप होय. हव्या असलेल्या जनुकाच्या अगदी शेजारी राहणारी ही खूण पिढ्यान् पिढ्या बहुधा त्याच्याबरोबरच उतरते. कोवळ्या रोपाचे एक पान तपासले की रोगप्रतिकारक जनुक त्यात आला की नाही, हे समजते.

कर्नाटकात 'अण्णिगेरी-१' हे हरभऱ्याचे जुने लोकप्रिय वाण आहे. पण ते मर रोगाला बळी पडू लागले. रायचूरचे कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळील 'इक्रिसॅट' यांनी 'डब्ल्यूआर ३१५' या हरभऱ्यातील प्रतिकारशक्ती चिन्हकांच्या साहाय्याने त्यात आणली. २०१९ मध्ये 'सुपर अण्णिगेरी-१' प्रसारित झाले. त्याच वर्षी दिल्लीच्या 'पुसा' संस्थेने पाण्याचा ताण सहन करणारे 'पुसा हरभरा १०२१६' दिले. यात परक्या जीवाचे जनुक घातलेले नाही. हरभऱ्याचा संकर हरभऱ्याशीच. चिन्हक केवळ पारख करतो.

यातील हिशोबही पाहण्यासारखा आहे. पहिल्या संकरात जुन्या वाणाचा वाटा निम्मा असतो. त्याच वाणाशी पुन्हा संकर केला की तो सरासरी ७५ टक्के होतो, मग ८७.५, मग ९३.७५. चिन्हकांमुळे प्रत्येक पिढीत सरासरीहून सरस रोप निवडता येते आणि पिढ्या वाचतात.

मात्र उत्पादनासारखा गुण एका जनुकावर चालत नाही. शेकडो जनुकांचा थोडा थोडा हातभार असतो; तेथे एक छाप पुरत नाही. तेथे खातेवही लागते. नवे गिऱ्हाईक उधारी मागते तेव्हा आपण काय करतो? वर्षानुवर्षांच्या खात्यांवरून बारीक बारीक खुणांना मनात वजन देतो आणि बेरजेने अंदाज बांधतो. जनुकीय भाकीत हेच करते. ज्या झाडांचे जनुक आणि उत्पादन दोन्ही मोजलेले आहेत, त्यांच्यावरून प्रत्येक खुणेचे वजन ठरवायचे आणि न पेरलेल्या रोपाचे गुण वर्तवायचे. मेउविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. अमेरिकेत २००९ पासून दुभत्या गाईंच्या अधिकृत मूल्यमापनात ती आली आणि पुढे पिकांतही रुजली. २०२१ मध्ये हरभऱ्याच्या ३,३६६ नमुन्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे आता खातेवही चांगलीच जाड झाली आहे.

तरीही भाबडेपणा नको. परगावच्या गिऱ्हाइकाला आपल्या गावची खातेवही लागू पडत नाही. तसेच नात्याने दूरच्या वाणांबाबत आणि वेगळ्या हवामानात भाकीत चुकते. बुरशीचेही नवे प्रकार उद्भवतात. म्हणून शेवटचा निकाल शेतातील चाचणीच देते.

आता एक गोष्ट आपल्याच घरातली. आपल्यापैकी अनेकांची बी-बियाण्यांची दुकाने आहेत. शिल्लक राहिलेला माल आपण सवलतीत खपवतो. कापडात ते चालते. फार तर साडी जुन्या तऱ्हेची निघते. बियाण्यात मात्र रोगाला बळी पडणारे वाण विकले तर एका घराचे वर्ष बुडते. शास्त्रज्ञांची दहा वर्षांची मेहनत आपल्या दुकानाच्या उंबरठ्यावर अडू नये. वाणाचे नाव, ते कधी प्रसारित झाले आणि कोणत्या रोगाला दाद देत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे. प्रमाणित बियाणे पावतीसह द्यावे. एवढे तरी आपल्या हाती आहे.

बांधून नेलेला बस्ता परत आणण्याची वेळ कोणत्याही बापावर येऊ नये, एवढीच प्रार्थना करून मी माझे भाषण संपवतो. जय जिनेंद्र.