आश्रमाचा गायकवृंद आणि पंडित खरे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाने यंदा स्वतःचा गायकवृंद उभा करण्याचा संकल्प सोडला आहे, आणि त्यासंबंधी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी संगीतशास्त्राचा पंडित नव्हे. शाळेत वर्षानुवर्षे मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेतलेला एक साधा शिक्षक आहे. म्हणून शास्त्रचर्चा बाजूस ठेवून, गाण्याची तालीम नसलेल्या माणसांना एका सुरात आणण्यासाठी ज्याने आपले आयुष्य वेचले, अशा एका महाराष्ट्रीय पुरुषाचे चरित्र आपणांपुढे ठेवतो. ते पुरुष म्हणजे पंडित नारायण मोरेश्वर खरे.

खरे हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. विष्णुबुवांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून सामान्य गृहस्थांच्या मुलाबाळांना गाण्याचे दार उघडून दिले, हे आपण जाणताच. पुढे गांधीजींना आपल्या आश्रमासाठी गायनाचा शिक्षक हवा झाला, तेव्हा बुवांनी आपला हा शिष्य साबरमतीस धाडला. १९१८ सालापासून खरे आश्रमवासी झाले. मैफली गाजवून नाव आणि द्रव्य मिळविण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी पत्करली ती पहाटेची आणि सायंकाळची प्रार्थना.

तेथील गायकवृंद कसा होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आवाज पारखून कोणाला घेतलेले नव्हते. गुजराती, मराठी, हिंदी, दक्षिणी अशा नाना भाषांची माणसे, वृद्ध, स्त्रिया आणि मुले, जी आश्रमात राहत ती सारी प्रार्थनेस बसत. या सर्वांना पेलतील अशी पदे निवडून, त्यांना राग आणि चाली देऊन खऱ्यांनी ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. तीत संस्कृत श्लोक आहेत, तुकोबांचे अभंग आहेत, नरसी मेहता, कबीर, मीरा आहेत, आणि परधर्मीयांच्या प्रार्थनांनाही स्थान आहे. १९३० साली येरवड्याच्या कारागृहात असताना गांधीजींनी याच भजनावलीतील पदे मीराबेनसाठी इंग्रजीत उतरविली, इतकी त्यांची तिजवर प्रीती होती.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. आश्रम १९१५ साली कोचरब येथे स्थापन झाला, आणि काही महिन्यांतच दुदाभाई, त्यांची पत्नी दानीबेन आणि कन्या लक्ष्मी या अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबास तेथे प्रवेश मिळाला. त्यासरशी देणगीदारांनी हात आखडला. आश्रमाची गंगाजळी आटली, तरी निर्णय फिरला नाही. पुढे एका शेठजींनी तेरा हजार रुपये आणून दिले म्हणून संकट टळले. खरे ज्या वृंदाचे संचालक झाले, त्याची बैठक अशी आधीच किंमत मोजून मांडलेली होती.

१९३० च्या मार्चमध्ये दांडीयात्रा निघाली. त्याच सुमारास आश्रमात देवीची साथ आली आणि तीत खऱ्यांचा मुलगा गेला. असे दुःख उराशी असतानाही, १२ मार्च रोजी गांधीजींबरोबर जे ७८ सत्याग्रही निघाले त्यांत पंडित खरे होते. २४१ मैलांच्या त्या वाटेवर भजनाची धुरा त्यांनीच वाहिली. पुढे १९३८ साली हरिपुरा काँग्रेसच्या वेळी, तेथेच सेवेत असताना, त्यांचा देह पडला. गाणे हे व्रत मानणारा मनुष्य कसा असतो, हे यावरून कळावे.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली संचालकाची निवड. ती देणगीच्या आकड्यावरून अगर घराण्याच्या मानावरून होऊ नये. ज्याचा कान तयार आहे आणि ज्याला दुसऱ्याचा आवाज ऐकण्याचा धीर आहे, तोच संचालक. आपल्या दिंडीत एकाने चाल सांगावी आणि टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलावे, ही रीत आहे. स्वतःचाच कंठ ऐकविण्याची हौस असलेला बुवा मैफलीत शोभेल. वृंदात तो इतरांना मुके करील.

दुसरी पद्यांची निवड. पुरुषांची पट्टी साधारणपणे काळी एकच्या आसपास, तर स्त्रियांची काळी चार-पाचच्या. दोघांनी एकत्र गावयाचे, तर मधली पट्टी धरावी लागते आणि चाल एका सप्तकाच्या आतबाहेर फार न जाणारी असावी लागते. लय मध्यम असावी, ताना नसाव्यात. एकेक ओळ पक्की झाल्यावाचून पुढची घेऊ नये. भगिनींना मागच्या रांगेत बसवून त्यांनी केवळ साथ करावी, अशी योजना मात्र करू नये. घरोघरी ओवी आणि भूपाळी ज्यांनी जतन केली, त्यांचा मान पुढचा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. वृंदात केवळ ज्ञातिबांधवांनाच घ्यावे, असे आपल्यापैकी काहींचे म्हणणे आहे. मंडळाच्या पैशाचा विनियोग मंडळासाठीच व्हावा, ही त्यांची भावना मी समजू शकतो. परंतु तुकोबांचा अभंग गावयाचा आणि शेजारच्या आळीतील सुरेल मुलाला जात विचारून परत पाठवायचे, हा विसंगत व्यवहार होय. पेटी, तबला आणि जागा आपण द्यावी. गळा ज्याचा असेल त्याचा घ्यावा. त्यामुळे एखादा वर्गणीदार रुसला, तर मंडळाने ती तूट सोसावी, असे माझे नम्र मत आहे. तसा ठराव आजच्याच सभेपुढे यावा, अशी अध्यक्षमहाराजांस विनंती करतो.