पोट भरले, पण पोषण झाले काय?



आळवी नगरीची कथा आपण ऐकली असेल. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधत रानात हिंडला आणि उपाशीपोटीच प्रवचनाला आला. भगवान बुद्धांनी आधी त्याला जेवू घातले, मग धम्म सांगितला. आज मला दुसऱ्या एका भुकेविषयी बोलायचे आहे. ती पोट भरल्यावरही उरते आणि डोळ्यांना दिसत नाही.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हा आपला भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. अंगणवाडीत बालकांचे वजन घेतात, ते आवश्यकच आहे. पण वजनकाट्यावर लोह दिसत नाही, 'अ' जीवनसत्त्व दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. तेव्हा बोईसर-तारापूरच्या कामगार वस्तीत राहणाऱ्या आपणही निश्चिंत राहू नये.

मग मोजायचे कसे? आईला विचारावे, "ताई, काल सकाळपासून रात्रीपर्यंत बाळाने काय काय खाल्ले?" "वरण-भात," एवढ्या उत्तरावर थांबू नये. किती वाट्या? वाटी केवढी? वरण घट्ट की पातळ? ताटात किती उरले? शाळेत काय मिळाले, दुकानातून काय घेतले? घरातलीच वाटी पाहून माप लिहावे. मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांवरून हिशेब करावा.

एक उदाहरण घेऊ. चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागते. दिवसभरात दीडशे ग्रॅम तांदळाचा भात आणि तीस ग्रॅम तूरडाळीचे वरण खाल्ले, तर पोट भरेल. लोह मात्र दोन मिलिग्रॅमच्या आसपासच मिळेल! उलट पन्नास ग्रॅम नाचणीच्या एका भाकरीतून त्याच मुलाची कॅल्शियमची एक तृतीयांश गरज भागते. शेवग्याचा पाला, सुका जवळा, अंडे, रानभाज्या ही तर आपल्याच मातीतली, आपल्याच किनाऱ्यावरची संपत्ती. जेवणात लिंबू असले तर लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते वाया जाते.

मात्र एका दिवसाच्या नोंदीवरून कोणत्याही मुलाविषयी निष्कर्ष काढू नये. सणाचा दिवस वेगळा, पगाराआधीचा वेगळा. म्हणून निरनिराळ्या तीन-चार दिवसांच्या नोंदी घ्याव्यात. शंका वाटली तर डॉक्टरांकडून रक्त तपासावे. मनाने गोळ्या देऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आईला आरोपी करू नये. लाजेपोटी तीन दिवसांत न शिजलेली डाळही ती सांगेल, आणि आपली वही खोटी ठरेल. गरिबी हा तिचा गुन्हा नव्हे.

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. ते कर्तव्य मागायचे असेल तर हाती नोंद हवी. विद्यार्थी मित्रहो, आपल्या वस्तीतील दहा घरांपासून सुरुवात करा. विहारात एक वही ठेवा. कोणत्या घटकाची उणीव आहे हे कळले, तर संस्थेचा खाऊवाटपाचा पैसा बिस्किटांऐवजी अंडी आणि नाचणीवर खर्च करता येईल.

मोजणे हीसुद्धा करुणाच आहे. जयभीम! नमो बुद्धाय!