ताप उतरला, पण जंतू मेले का?



आज लेकरांच्या दुखण्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत.

आपल्या वसई-विरारकडची माणसे कष्टाची. कुणाची वाडी, कुणाचे मिठागर, कुणाची अर्नाळ्याला होडी. घरातले मूल रुग्णालयात ठेवावे लागले की आईबापांचा जीव दोन्हीकडे ओढतो. इकडे लेकरू, तिकडे बुडणारा रोज. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो. मूल हसते, पेज मागते. मग वाटते, झाले बरे, चला घरी. फसगत होते ती इथेच.

कशी, ते पाहा. जंतू फुप्फुसात शिरले की न्यूमोनिया होतो. मेंदूच्या आवरणात शिरले की मेंदूज्वर होतो. रक्तात पसरले तर सारे अंगच धोक्यात येते. लहान मुलाचे बळ ते किती? एका दिवसात ते गळून जाते. म्हणून मोठ्या दुखण्यात औषध शिरेतून देतात. ते लगेच रक्तात पोहोचते. आधी मुलाचे वजन करतात, कारण औषधाचे माप वजनावर ठरते. शक्य तेव्हा पहिल्या औषधाआधी थोडे रक्तही काढतात. त्यातले जंतू वाढवून पाहतात. कोणते औषध लागू पडेल, ते त्यावरून कळते. याला दोन-तीन दिवस लागतात. "एवढेसे पोर, त्याचे रक्त कशाला काढता?" असे म्हणून अडवू नका.

वाडीतली हरळी तुम्हाला ठाऊक आहे. वरची पाती खुरपली की वाफा स्वच्छ दिसतो. मुळे मात्र मातीतच असतात. थोड्या दिवसांत हरळी पुन्हा वर येते. जंतूंचेही तसेच. बरेचसे जंतू मेले की ताप उतरतो. पण काही उरतात. औषध मध्येच तोडले तर ते वाढतात आणि दुखणे उलटते. कधी कधी तर पहिले औषध मग चालतच नाही.

हे काही नवे सांगणे नाही. १९२८ साली लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतीचे जंतू मेलेले दिसले. त्यातून पेनिसिलिन हे औषध आले. आपल्या पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात ते १९५५ साली तयार होऊ लागले. फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच बजावले होते, की औषध कमी पडले तर जंतू त्याला सरावतात.

मग रुग्णालयात किती दिवस राहायचे? ते दुखण्यावर असते. न्यूमोनियाला थोडे दिवस पुरतात, मेंदूज्वराला दहा दिवस किंवा जास्तही लागतात. अडचण असेल तर गुपचूप निघून जाऊ नका. डॉक्टरांना विचारा, "आता तोंडाने द्यायचे औषध चालेल का?" पुष्कळदा चालते. मग ते घरी सांगितलेले सर्व दिवस द्या. आईला घरी जावे लागले, तर आजीने किंवा मावशीने मुलाजवळ बसावे.

आणखी एक गोष्ट. सर्दी-पडशाला हे औषध लागत नाही. उगाच मागू नका. शेजारच्या मुलाचे उरलेले औषधही देऊ नका.

पण मूल दूध पिईना, गुंगीत पडले, झटके आले, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर थांबू नका. मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ, वर्षाच्या आतल्याचे पन्नास, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस किंवा त्याहून अधिक भरले, तर लगेच रुग्णालय गाठा. गाडीसाठी १०८ ला फोन करा.

तुम्ही आता वाचायला शिकलात. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घ्यायचे नाही. चिठ्ठीवर पाहा : औषध कोणते, किती वेळा, किती दिवस. शेवटचा आकडा नीट वाचा. तेवढे दिवस पुरे करा.