हिशेबाची चावी एकाच खिशात नको

(भिवंडीत तरुण व्यावसायिकांसमोर केलेलं भाषण)



माझी ओळख साधी आहे. मी लूमवाल्याची मुलगी. आम्ही कोकणी मुसलमान. घरात मराठी, कारखान्यात उर्दू आणि भोजपुरी. अब्बांचे २४ लूम आहेत. व्यापारी सूत देतो, आम्ही विणून ग्रे कापड परत करतो आणि मीटरमागे मजुरी घेतो. कारखान्याचे हिशेब आता मी बघते, गल्लीतल्या आणखी काही लूमवाल्यांचेही बघते. संकटात धंदा चालू ठेवायला क्लाउड सॉफ्टवेअर कसं उपयोगी पडतं, यावर मला बोलायला सांगितलं आहे. पण त्याआधी एका कुलपाची गोष्ट सांगते.

२२ मार्च २०२०, रविवार. जनता कर्फ्यू होता, लूम थांबले. आम्हाला वाटलं, एक-दोन दिवसांत सुरू होतील. २४ तारखेच्या रात्री देशभर लॉकडाउन जाहीर झाला. पुढे आमच्या कारखान्याच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले गेले. आत एका छोट्या ऑफिसात आमचा सगळा धंदा होता: एक कॉम्प्युटर, त्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि टेबलाच्या खणात कारीगरांच्या मीटरची वही. पासवर्ड फक्त मेहताजींना माहीत, आणि ते गावाला गेलेले.

कारीगर खोल्यांवर अडकले होते. पंधरवडा अर्धा संपला होता. केलेल्या कामाचे पैसे त्यांना रेशनसाठी हवे होते. अब्बांची द्यायची तयारी होती, पण द्यायचे किती? कुणी किती मीटर काढलं, कुणी किती उचल घेतली, ते सगळं वहीत. आणि वही कुलपात. शेवटी अब्बांनी अंदाजाने पैसे वाटले. एक वयस्कर कारीगर होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी पैसे मोजले आणि एवढंच म्हणाले, "सेठ, मेरा हिसाब इतना नहीं है." भांडले नाहीत. दाखवायला त्यांच्याकडे कागद नव्हता, आमच्याकडेही नव्हता. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनवरून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. आमचे काही कारीगर गाडीने गेले, काही ट्रकने, काही नाशिक हायवेने चालत निघाले.

जूनमध्ये वही उघडली. ११ कारीगरांना आम्ही कमी पैसे दिले होते. चाचांचे २,३४० रुपये निघत होते. शोधून शोधून १० जणांना पैसे पोचवले. चाचांचा नंबर बंद होता आणि गावचा पत्ता आम्ही कधी लिहूनच घेतला नव्हता. ते पाकीट अजून अब्बांच्या कपाटात आहे.

मित्रांनो, काम थांबलं ते संकटामुळे. पण चाचांचे पैसे संकटाने बुडवले नाहीत, आमच्या कुलपाने बुडवले.

कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणती, तुम्हाला माहीत आहे. सूरह बकराची २८२ वी. ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम छोटी असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. आम्ही लिहिलं होतं. पण एकच प्रत, एकाच जागी, आमच्याच ताब्यात. साक्षीदार कुणी नव्हता.

क्लाउड इथे कामाला येतो. तुमची फाइल ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरऐवजी कुठल्यातरी कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये राहते, आणि ज्यांना तुम्ही परवानगी दिली आहे ते इंटरनेट असेल तिथून ती उघडू शकतात. हे भिवंडीला नवं नाही. माणकोली, पूर्णा, काल्हेरच्या गोदामांत ऑनलाइन खरेदीचा खोका स्कॅन होतो आणि तो कुठे ठेवला आहे ते सॉफ्टवेअरला कळतं. आपण ई-वे बिल सरकारी पोर्टलवर काढतो. आपलं ऑफिस बुडालं तरी त्याची नोंद तिथे राहते. म्हणजे मालाची नोंद ऑनलाइन आहे. माणसाची मजुरी मात्र अजून वहीत आहे.

आम्ही महागडं काही घेतलं नाही. एका गूगल शीटमध्ये तीन पानं केली. पहिल्यावर आलेलं सूत: तारीख, चलान नंबर, काउंट, किलो. दुसऱ्यावर गेलेलं कापड: तागे आणि मीटर. तिसऱ्यावर कारीगर: लूम नंबर, मीटर, उचल, बाकी. पाळी बदलताना मुकादम वहीच्या पानाचा फोटो पाठवतो आणि मी घरून आकडे भरते. वही बंद केलेली नाही, तिची दुसरी प्रत तयार केली आहे. दर शनिवारी प्रत्येक कारीगराला त्याचे मीटर आणि बाकी व्हॉट्सअॅपवर जाते. चुकलं असेल तर तो लगेच सांगतो. पहिल्याच महिन्यात चार चुका निघाल्या. त्यांतल्या तीन चुकांमध्ये नुकसान कारीगराचं होत होतं. अब्बा बराच वेळ गप्प बसले होते.

सुताची नोंदही तितकीच महत्त्वाची. जीएसटी कायद्यात जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर त्याचा पुरवठा झाला असं धरलं जातं. म्हणजे व्यापाऱ्यावर कर आणि आपल्याशी भांडण. हिशेबाच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. ज्या गल्ल्यांत पावसाळ्यात कामवारीचं पाणी शिरतं, तिथे कागदाची वही एवढी वर्षं टिकेल का?

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध आले आणि कारीगर पुन्हा गावी निघाले. या वेळी मी घरी बसून एका संध्याकाळी सगळ्यांचा हिशेब केला. ज्यांची खाती होती त्यांना बँकेतून, बाकीच्यांना रोख. अंदाजाने कुणालाच दिलं नाही. काम तरीही कमी झालं, व्यापाऱ्यांकडचे पैसेही अडकले. शीट काही ऑर्डर आणत नाही. पण लूम पुन्हा सुरू झाले तेव्हा जुने कारीगर आमच्याकडेच परत आले. एकाने तर गावाहूनच फोनवर विचारलं, "शनिवारवाला मेसेज कब से चालू होगा?"

आता सावधगिरीचं सांगते, कारण क्लाउडवर डोळे मिटून भरवसा ठेवायचा नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांची माहिती कायमची गेली. म्हणून पाच गोष्टी लक्षात ठेवा.

एक, खातं धंद्याचं असू द्या, मेहताजींच्या खासगी ईमेलवर नको. किमान दोन भरवशाच्या माणसांना ते उघडता आलं पाहिजे.

दोन, पासवर्डबरोबर मोबाइलवरची दुसरी तपासणी चालू करा आणि खात्याला जोडलेला नंबर चालू ठेवा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं.

तीन, महिन्याच्या शेवटी फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या आणि छापून घरी ठेवा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज गेली होती, आठवतं ना? अशा दिवशी हाताशी कागद हवा.

चार, कारीगरांचे आधार कार्डचे फोटो आणि खाते नंबर सगळ्यांना दिसतील अशा शीटमध्ये टाकू नका. लिंक मिळेल त्याला फाइल उघडता येईल, असंही ठेवू नका. ती माहिती आपल्याकडे त्यांची अमानत आहे.

पाच, वर्षातून एकदा तालीम करा. ऑफिसला कुलूप लावा, मेहताजींना फोन करू नका, आणि कुणाचं किती देणं आहे ते घरून एका तासात काढून दाखवा. जमलं नाही, तर तुमची तयारी झालेली नाही.

इथे बसलेल्या बऱ्याच जणांना हे सगळं माझ्याहून चांगलं येतं. तुमच्या अब्बांना, मामूंना, शेजारच्या कांडीवाल्याला येत नाही. दोन रविवार त्यांच्याजवळ बसा. ते म्हणतील, "आमची वही बरी आहे." वाद घालू नका, वहीच्या पानाचा फोटो काढण्यापासून सुरुवात करा. आणि बहिणींनो, मी हे काम घरून शिकले आणि आज त्याचेच पैसे मिळवते. तुम्हालाही जमेल.

आमच्या शीटमध्ये आता दोन रकाने जास्त आहेत: कारीगराच्या गावचा पत्ता आणि त्याच्या घरच्या एका माणसाचा नंबर. तुमची शीट कराल तेव्हा हे दोन रकाने सगळ्यात आधी भरा.