तत्त्वज्ञानाचें उच्च शिक्षण आणि आपला धर्मग्राम
(ज्युबिली सभेंतील भाषण)



ह्या मंगल प्रसंगीं देवाचे उपकार आठवण्यास आपण जमलों आहों. आपल्या पूर्वजांनीं खाडीकांठीं शेतें कसलीं, मिठागरांत घाम गाळला, उत्तनच्या किनाऱ्यावरून होड्या समुद्रांत लोटल्या. आणि अशा कष्टांतून मुलांना शाळेंत पाठविलें. त्यांच्या पुण्याईनें आज भाईंदर स्टेशनावरून रोज सकाळीं आपलीं मुलें कॉलेजास जातात. कोणी इंजिनियर होतो, कोणी नर्स, कोणी हिशेबनीस. ह्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु आज एका उपेक्षित विद्येविषयीं आम्ही दोन शब्द बोलणार आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या नात्यांतील एका मुलीनें तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करण्याची इच्छा आम्हांपाशीं बोलून दाखविली. आम्ही उत्तर दिलें, "बाय, तत्त्वज्ञानानें चूल पेटत नाहीं." ती गप्प बसली व नोकरीस लागली. आज ती सुखांत आहे. परंतु त्या दिवसानंतर तिनें आम्हांस एकही प्रश्न विचारला नाहीं. तें मौन आम्हांस अजून टोंचतें. म्हणून हें भाषण कांहीं अंशीं आमचें पापनिवेदनच समजावें.

ही विद्या आहे तरी काय? ज्ञान खरें कशावरून, चांगलें कशास म्हणावें, जें आहे तें कां आहे, ह्या प्रश्नांचा शिस्तीनें शोध घेणें, हेंच तत्त्वज्ञान. त्यासाठीं फार दूर जाण्याची गरज नाहीं. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा हा विभाग सांताक्रूझजवळ कलिना येथें आहे. दोन वर्षांच्या अभ्यासांत प्लेटो व कांट यांच्याबरोबर न्याय, वेदान्त व बौद्ध दर्शनांचाही परिचय होतो. पुण्यास ज्ञानदीप आहे. १८९३ सालीं कॅंडी येथें सुरू झालेली ही संस्था १९५५ सालीं पुण्यास आली. खानदेशांत अमळनेरास प्रताप शेट ह्या गिरणीमालकानें १९१६ सालीं तत्त्वज्ञानमंदिर उभारलें. पैशाची किंमत जाणणाऱ्या व्यापाऱ्यासही ही विद्या निरुपयोगी वाटली नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

कोणी म्हणतात, अशा अभ्यासानें श्रद्धा डळमळते. पण संत थॉमस अक्विनास यांचें चरित्र पाहा. नेपल्सच्या विद्यापीठांत ते शिकले. पुढें त्यांनीं डॉमिनिकन संघाची वाट धरली, तेव्हां घरच्यांनीं त्यांस सुमारें वर्षभर अडकवून ठेविलें. ते डगमगले नाहींत. ख्रिस्ती नसलेल्या ॲरिस्टॉटलचें मत त्यांनीं आदरानें तपासलें, आणि १८७९ सालीं पोप लिओ तेरावे यांनीं त्यांचेच विचार शिकण्याचा उपदेश साऱ्या ख्रिस्तसभेस केला. १९९८ सालीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं श्रद्धा व बुद्धी ह्या विषयावर परिपत्रकच लिहिलें.

त्याच वर्षीं त्यांनीं एडिथ स्टाइन यांस संतपद दिलें. यहुदी घरांत जन्मलेल्या ह्या विदुषीनें १९१६ सालीं फ्रायबुर्ग येथें तत्त्वज्ञानांत डॉक्टरेट मिळविली. स्त्री म्हणून विद्यापीठांत अध्यापनाचा अधिकार त्यांस नाकारण्यांत आला. सत्याचा शोध त्यांनीं सोडला नाहीं. १९२२ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढें त्या कार्मेल मठांत गेल्या आणि १९४२ सालीं ऑशविट्झ येथें त्यांचा वध झाला. प्रश्नांनीं त्यांस देवापासून दूर नेलें नाहीं, देवापर्यंत पोहोंचविलें.

दुसरा आक्षेप पोटाचा. तो खरा आहे व त्यास हंसून उडविणें योग्य नाहीं. एम. ए. होतांच नोकरी मिळेल अशी खोटी आशा आम्ही कोणास दाखविणार नाहीं. कॉलेजांत अध्यापक होण्यास पुढें नेटची परीक्षा अथवा डॉक्टरेट लागते, आणि जागाही थोड्या असतात. म्हणून ज्यास ही वाट धरावयाची आहे, त्यानें घरची स्थिती पाहावी, हातीं एखादें मिळकतीचें साधन ठेवावें आणि मग निश्चय करावा. मात्र त्या निश्चयाआधींच त्याचें तोंड बंद करण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

आपली दोनच मागणीं आहेत. धर्मग्रामांतून विद्यार्थ्यांस साह्य देतांना विषयाचा भेद करूं नये. दोन वर्षांचा रेल्वेचा पास व पुस्तकें एवढा भार आपण सहज उचलूं शकतों. आणि घरांत एखाद्या मुलानें "हें असें कां?" म्हणून विचारलें, तर त्यास उद्धट न समजतां जवळ बसवावें. उत्तर आपणांस ठाऊक नसेल, तर तसें सांगावें.

बारा वर्षांचा येशू मंदिरांत शास्त्र्यांमध्यें बसून त्यांचें ऐकत व त्यांस प्रश्न विचारीत होता. मरिया मातेस तेव्हां त्याचें बोलणें समजलें नाहीं. तरी तिनें तें सारें अंतःकरणांत जपून ठेविलें. आम्हांस तेवढेंही साधलें नाहीं. आपल्या घरांतून तें साधो, हीच ह्या ज्युबिलीच्या दिवशीं प्रभुचरणीं प्रार्थना.