म्हाताऱ्या बैलाचा खोकला

थंडी पडली की आपल्या पाचोरा भागात गोठ्यातला म्हातारा बैल खोकू लागतो. ‘वयच झालं त्याचं,’ म्हणून सोडू नका. तो शांत उभा असताना कूस पाहा. ती एकदा फुगून बसली की एक श्वास. मिनिटाला साधारण १० ते ३० ठीक. त्याहून बरेच अधिक असतील, अंगात ताप असेल, तर गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. १९६२ या क्रमांकावर फोन करा. तोवर नळीने काढा पाजू नका. खोकताना तो फुप्फुसात उतरतो नि जनावर दगावते. कडबा पाणी शिंपडून द्या. धूर नको, अंगावर गोणपाट घाला, हवा मात्र खेळती ठेवा. गुरुजी, श्वास मोजणे मुलांनाही शिकवा.