पळून जाणे आणि पळवून नेणे : अज्ञान मुलांचे गृहत्याग आणि कायदा

‘पळून’ आणि ‘पळवून’ या दोन शब्दांत एका ‘व’चे अंतर आहे, परंतु अठरा वर्षांखालील मुलाने किंवा मुलीने पालकांच्या संमतीवाचून घर सोडले की फौजदारी कायद्याचा सारा विचार त्या एका अक्षराभोवती फिरू लागतो, कारण पहिल्या क्रियेत मूल स्वतः कर्ता असते आणि दुसऱ्या क्रियेत ते कर्म होऊन बसते. पहिली क्रिया भारतीय कायद्यात गुन्हा नाही. दुसरी आहे, आणि तिला सात वर्षांपर्यंतचा कारावास व दंड सांगितलेला आहे.

१८७५ च्या सज्ञानता अधिनियमानुसार अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती ‘अज्ञान’ मानली जाते. कायद्याच्या मराठीतला हा शब्द बुद्धीविषयी काही सांगत नाही, केवळ वय सांगतो. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वेच्छेने घराबाहेर पडली असेल, तर पालकांना हरवल्याची नोंद करता येते, पण पोलिसांना तिला इच्छेविरुद्ध घरी आणून सोडता येत नाही.

अज्ञान मुलाला कायदेशीर पालकाच्या रखवालीतून, त्याच्या संमतीवाचून, नेणे किंवा फूस लावणे यास ‘अपनयन’ म्हणतात. १८६० च्या दंड संहितेच्या कलम ३६१ मध्ये त्यासाठी मुलाचे वय सोळाखाली आणि मुलीचे अठराखाली असावे लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ ने दोघांना अठराची एकच मर्यादा लावली, आणि सतरा वर्षांच्या मुलावरचा जुना अन्याय त्यामुळे दूर झाला. व्याख्येचा गाभा मात्र बदलला नाही : मोजली जाते ती पालकाची संमती, मुलाची नव्हे. फिर्यादींमध्ये ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’ हे वाक्य जवळजवळ ठरल्यासारखे येते, त्याला आणखीही एक कारण आहे. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी असे सांगितले की, मूल हरवल्याची तक्रार आली की अपनयन किंवा मानवी तस्करी गृहीत धरून लगेच गुन्हा नोंदवावा. हा आदेश योग्यच आहे, कारण तस्करीत पहिले काही तास गमावले तर मूल बहुधा हाती लागत नाही. परंतु शोधासाठी धरलेले गृहीतक खटल्यात सिद्ध झालेली वस्तुस्थिती म्हणून वावरू लागते, तेव्हा अडचण सुरू होते.

ती अडचण वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या १९६४ च्या निकालात सर्वाधिक स्पष्टपणे हाताळली गेली. निकालपत्र अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातील न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांचे आहे. अठरा पूर्ण व्हायला काही आठवडेच उरलेली महाविद्यालयीन मुलगी नातेवाइकाच्या घरातून स्वतः बाहेर पडली, तिनेच दूरध्वनी करून आरोपी तरुणाला बोलावले आणि ती त्याच्यासोबत गेली. अज्ञान व्यक्तीला ‘नेणे’ आणि तिला सोबत ‘येऊ देणे’ या भिन्न गोष्टी आहेत, आणि घर सोडण्याचा बेत मुलीच्या मनात रुजवण्यात आरोपीचा काही हात असल्याशिवाय अपनयन होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. हा विवेक पळवाट होऊ नये, याची काळजी हरियाणा राज्य विरुद्ध राजा राम या १९७२ च्या निकालाने घेतली : मुलगी चौदा वर्षांची होती आणि तिला निरोप पाठवून बोलावले गेले होते, बळजबरी नसली तरी मन वळवून निर्माण केलेली तयारी पुरेशी मानली गेली. याच न्यायाने २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाचे कलम १२ फूस लावून नेलेल्या अज्ञान मुलीचा विवाह मुळातच शून्य, म्हणजे कधी झालाच नाही असा, ठरवते.

या सर्व चर्चेत ‘कोणी नेले’ हा प्रश्न आहे. ‘का गेले’ हा प्रश्न नाही. तो विचारण्याचे काम २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने बाल कल्याण समितीकडे, म्हणजे अध्यक्ष व चार सदस्यांच्या आणि दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेल्या मंडळाकडे, सोपवले आहे. घरातून पळालेले मूल या अधिनियमात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते आणि त्याला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत समितीपुढे आणावे लागते. पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यावर २४ तासांत कळवले नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा मायेपोटी आसरा देणाऱ्या मावशीनेही १०९८ या क्रमांकावर कळवणे आवश्यक आहे. घरची सामाजिक चौकशी १५ दिवसांत पूर्ण व्हावी, अशी तरतूद आहे. मारहाणीला, घरातल्याच माणसाच्या लैंगिक अत्याचाराला किंवा ठरवून टाकलेल्या लग्नाला घाबरून निघालेल्या मुलाच्या दृष्टीने संपूर्ण अधिनियमातील सर्वांत मोलाची गोष्ट ही चौकशी आहे. आईवडील ओळखपत्र घेऊन आले, मूल त्यांच्या ताब्यात दिले आणि प्रकरण मिटले, ही रीत तिला निरर्थक करून टाकते. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचे कलम २५ सुद्धा पाल्य स्वतः निघून गेला ही शक्यता शब्दांत मांडते आणि परत जाण्यात त्याचे कल्याण असेल तरच तसा आदेश द्यावा असे सांगते.

चौकशी न झाल्याची किंमत पश्चिम बंगालमधील एका प्रकरणाने दाखवली. चौदाव्या वर्षी घर सोडलेल्या मुलीच्या आईने फिर्याद दिली आणि लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याखाली संबंधित तरुणाला वीस वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. २० ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती उज्जल भुयाँ यांनी दोषसिद्धी पुन्हा कायम केली, मात्र त्याच निकालात राज्याची यंत्रणा या मुलीपर्यंत पोहोचलीच नाही असा ठपकाही ठेवला. नंतर तज्ज्ञ समितीने तिच्याशी बोलून अहवाल दिला, तेव्हा घडलेल्या कृत्यापेक्षा पोलिस, न्यायालय आणि त्या तरुणाला सोडवण्याची धडपड यांनीच तिला अधिक पोळले असल्याचे दिसून आले. २३ मे २०२५ रोजी न्यायालयाने, विशेषाधिकार वापरून, त्याला शिक्षा न देण्याचा निर्णय दिला आणि आता सज्ञान झालेल्या, स्वतः आई असलेल्या त्या मुलीच्या निवाऱ्याची व शिक्षणाची जबाबदारी राज्य शासनावर टाकली.